तारतम्य आणि क्षमा : शुसाकु एन्दो यांच्या ‘सायलेन्स’च्या निमित्ताने

शुसाकु एन्दो या जपानी कॅथलिक लेखकाची ‘चिन्मोकु’ ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिला तानिझाकी पारितोषिक मिळाले आणि विल्यम जॉन्स्टन या आयरिश येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६९ साली केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती ‘सायलेन्स’ या नावाने जगभर वाचली जाऊ लागली. २०१६ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो पाहून आलेल्या आमच्या एका तरुण नातेवाइकाने आम्हांला विचारले होते, “त्या फादरने केले ते बरोबरच केले ना?” प्रश्नातल्या त्या ‘च’मध्ये उत्तर आधीच बसलेले होते. आम्ही होयही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. नरो वा कुंजरो वा करून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या थकलेल्या उत्तराची उशिरा केलेली फेड होय.

वसईकर वाचकाला ही कादंबरी दूरदेशीची वाटण्याचे कारण नाही. नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया होता. जपानी भाषा त्याला उत्तम अवगत होती. धर्मगुरूंचा दुभाषा म्हणून त्याने तेथे सेवा केली. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद बहाल केले. गास येथे त्याच्या नावाचे चर्च आहे, वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि त्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. त्या कथेत कोणताही पेच नाही. तो श्रद्धेला चिकटून राहिला, मेला आणि संत झाला. एन्दो यांची कादंबरी त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी घडते, आणि ज्याला चिकटून राहता आले नाही त्याच्याविषयी बोलते. तिच्यातील धर्मगुरूही गोव्यावरूनच जपानला जातात. आपल्या संताच्याच समुद्रवाटेने गेलेला हा दुसरा मनुष्य. त्याचे चर्च कोठेही नाही.

कथेचा पाया ऐतिहासिक आहे. क्रिस्तोव्हाव फेरेरा हे पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरू नागासाकीत १६३३ साली पकडले गेले. त्यांना मलमूत्राच्या खड्ड्यात उलटे टांगण्यात आले आणि काही तासांतच त्यांनी श्रद्धात्याग केला. त्यांच्याबरोबर टांगलेले ज्युलियन नाकाउरा हे वृद्ध जपानी धर्मगुरू मात्र आणखी काही दिवस त्या यातना सोसून २१ ऑक्टोबर रोजी मरण पावले. लहानपणी गोव्यावरून रोमला जाऊन आलेल्या चार जपानी मुलांपैकी ते एक होते. २००८ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. कादंबरीवर लिहिणारे सारे फेरेरांची आठवण काढतात, नाकाउरांची फारसा कोणी काढीत नाही, म्हणून येथे नोंद करून ठेवली.

आपला गुरू श्रद्धा सोडील यावर विश्वास न बसल्यामुळे सेबास्तियाव रॉड्रिग्ज हा तरुण धर्मगुरू चोरून जपानमध्ये उतरतो. किचिजिरो नावाचा एक भित्रा, दारुडा कोळी त्याला वाट दाखवितो आणि पुढे त्यालाच पैशांसाठी पकडून देतो. मधल्या काळात रॉड्रिग्ज पुष्कळ पाहतो. गावकऱ्यांना समुद्रात खांबांना बांधून भरतीच्या पाण्याने हळूहळू मारलेले तो पाहतो. त्याचा सोबती फादर गार्पे चटयांत गुंडाळून समुद्रात ढकललेल्या ख्रिस्ती लोकांमागे पोहत जाऊन बुडतो, तेही तो पाहतो. आकाश मात्र काही बोलत नाही. कादंबरीचे नाव त्यावरूनच आले आहे.

शेवटच्या रात्री अंधारकोठडीत त्याला कोणाचे तरी घोरणे ऐकू येते. आपण येथे मृत्यूची वाट पाहत असता पहारेकरी कसा निश्चिंत झोपला आहे, असे वाटून त्याला रागमिश्रित हसू येते. मग फेरेरा त्याला सांगतात की ते घोरणे नव्हे. ते खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे. त्या लोकांनी आपली श्रद्धा केव्हाच सोडली आहे, तरीही त्यांना वर काढलेले नाही. कारण त्यांची सुटका त्यांच्या नव्हे, रॉड्रिग्जच्या पायावर अवलंबून आहे. ख्रिस्ताचा मुखवटा कोरलेल्या ‘फुमिए’ नामक पाटीवर त्याने पाय ठेवला की ते सुटतील. पहाट होते. तो पाय उचलतो, आणि झिजलेल्या पाटीवरचा ख्रिस्त त्याला तसे करण्याची अनुज्ञा देतो. तो पाय ठेवतो. दूर कोंबडा आरवतो.

येथे पुस्तक मिटून वाचक त्या तरुण नातेवाइकाचा प्रश्न विचारतो. या प्रश्नाला ज्या विचारपद्धतीतून ‘बरोबर केले’ असे उत्तर सहज निघते, तिला ईशज्ञानात प्रपोर्शनॅलिझम असे नाव आहे. मराठीत आम्ही तिला ‘तारतम्यवाद’ म्हणतो. तारतम्य हा आपल्याकडे सद्गुण समजला जातो. ‘याला तारतम्य नाही’ ही चारचौघांत शिवीच असते. हे नाव देऊन आम्ही प्रतिपक्षाला अर्धी लढाई अगोदरच बहाल केली आहे, याची आम्हांला जाणीव आहे. पण ज्या विद्वानांनी हा वाद उभा केला ते एवढ्या सौजन्यास निश्चित पात्र होते.

पीटर क्नाउअर या जर्मन येशूसंघीयाने १९६५ साली एक निबंध लिहिला, तेथून या वादाची सुरुवात धरतात. बेल्जियममधील लुई यान्सेन्स, जर्मनीतील ब्रुनो शुलर, रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठातील योसेफ फुक्स आणि अमेरिकेतील रिचर्ड मॅकॉर्मिक यांनी तो पुढे नेला. १९६८ साली ‘ह्यूमाने व्हिते’ हे संततिनियमनाविषयीचे परिपत्रक आले आणि मूठभर पंडितांचा विषय घराघरांत पोहोचला. तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. त्यात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे. मनुष्य जे काही करतो त्यातून बहुधा चांगले आणि वाईट दोन्ही उद्भवते. शल्यविशारद पाय कापतो तेव्हा शरीर छिन्न होते, हे अनिष्ट खरेच. पण ते घडवून आणणे पाप आहे की उपकार, हे तो पाय का कापला हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी लिहिताना बचावास लागेल तेवढेच बळ वापरावे असे सांगितले. क्नाउअर यांनी आपला धागा तेथूनच उचलला. त्याच संत थॉमसनी निकडीच्या भुकेने दुसऱ्याची भाकरी घेणाऱ्याला चोर म्हटले नाही. मग, हे विद्वान विचारतात, ख्रिस्तसभा आजवर तारतम्यच पाहत आली नाही काय? मृत्यू, वेदना, खोटे बोलणे, वचनभंग ही सारी अनिष्टे आहेत, परंतु पुरेसे सबळ कारण नसताना ती घडवून आणली तरच ते पाप ठरते. म्हणून हेतू आणि परिणाम बाजूला ठेवून केवळ कृतीकडे बोट दाखवून ‘हे केव्हाही, कोणीही, कशासाठीही करू नये’ असे नियम सांगता येणार नाहीत, असे त्यांना वाटते.

हा उथळ विचार नव्हे. जोसेफ फ्लेचर यांनी १९६६ साली ‘सिच्युएशन एथिक्स’ या पुस्तकात एक प्रीती तेवढी नियम आणि बाकी सारे सूचनावजा, अशी जी सोपी वाट काढली, तिच्याशी याची गल्लत केली जाते ती अन्यायाची आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ६ ऑगस्ट १९९३ ही तारीख घातलेल्या ‘व्हेरितातिस स्प्लेंडॉर’ या परिपत्रकात तारतम्यवादाचे नाव घेऊन तो नाकारला. काही कृती त्यांच्या विषयामुळेच दुष्ट असतात, हेतू कितीही उदात्त असला तरी त्या सत्कृत्ये होत नाहीत, असे त्यांनी ठामपणे मांडले. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलाची शिकवण त्यांच्या मुळाशी आहे. तेव्हा मॅकॉर्मिक यांनी तक्रार केली की परिपत्रकात जो तारतम्यवादी रंगविला आहे तसा कोणी आमच्यात नाहीच. वाईट मार्गाने चांगले साधावे असे आम्ही म्हणत नसून मुळात ते कृत्य वाईट केव्हा होते एवढेच आम्ही विचारतो. त्यांची तक्रार आम्हांला अंशतः रास्त वाटते. त्या परिपत्रकाचे जे अंग आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र या खंडनात नाहीच. ते पुढे रक्तसाक्ष्यांविषयीच्या परिच्छेदांत आहे. तेथे पोपमहोदय जुन्या करारातील सुसान्नेची आठवण करून देतात. दोन दुष्ट वृद्धांना वश होऊन ती जीव वाचवू शकली असती. तिने मरण पत्करायची तयारी केली. प्रत्येक नियमाला सबळ कारणाचा अपवाद असेल, तर सुसान्ना, बाप्तिस्मा करणारा योहान आणि आपला गोन्सालो हे हिशेब न येणारे हट्टी लोक ठरतात. जीव वाचविणे याहून सबळ कारण कोणते?

आता पुन्हा कादंबरीकडे वळू. रॉड्रिग्जपुढे स्वतःच्या जिवाचा प्रश्न नव्हता, इतरांच्या वेदनेचा होता. म्हणून त्याचा पेच सुसान्नेहून अवघड आहे. हे मान्य करूनही कादंबरीकाराविषयी आमची एक तक्रार आहे. तराजू समतोल राहावा म्हणून एन्दो साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जपानचे बारीकसारीक तपशील गोळा करतात, गार्पेला त्याच्या निष्ठेनिशी सन्मानाने मरू देतात, फेरेरांच्या युक्तिवादातील कडवट स्वार्थही लपवीत नाहीत. आणि मग निर्णायक क्षणी पाटीवरच्या ख्रिस्ताला बोलके करतात. इतकी पाने मौन पाळलेल्या प्रभूने नेमके तेव्हाच तोंड उघडावे आणि परवानगी द्यावी, यामुळे वाचकाच्या हातून प्रश्न काढून घेतला जातो. प्रभूनेच सांगितले म्हटल्यावर पाप कसले, आणि पेच तरी कसला? तो आवाज खरोखर प्रभूचा की थकलेल्या मनाचा, ही संदिग्धता लेखकाने ठेवली आहे असे टीकाकार म्हणतात. असेल, पण कादंबरीच्या लयीचा सारा भार त्या आवाजाच्या बाजूने पडतो, हे कोणत्याही प्रामाणिक वाचकाला जाणवेल. नागासाकीच्या परिसरातील काही कॅथलिकांना ही कादंबरी रुचली नाही ती उगीच नव्हे. त्यांच्या पूर्वजांशी तो आवाज बोलला नव्हता.

याउलट जी गोष्ट एन्दो यांनी फार थोर प्रतिभेने दाखविली आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे न्यायाधिकारी इनोवे. हा हसतमुख, सभ्य, वृद्ध गृहस्थ धर्मगुरूंच्या अंगाला हात लावीत नाही. धर्मगुरू छळाने मरतात आणि रक्तसाक्षी होतात हे त्याला अनुभवाने ठाऊक झाले आहे. म्हणून तो त्यांच्यापुढे एक तराजू मांडतो. एका पारड्यात एक क्षुद्र औपचारिक कृती, फक्त पायाचा स्पर्श. दुसऱ्यात टांगलेल्या माणसांचे कण्हणे. वजन करणे रॉड्रिग्जच्या हाती आहे असे रॉड्रिग्जला वाटते. पारड्यात काय टाकायचे ते मात्र इनोवे ठरवितो. तेवढ्यांनी भागले नाही तर तो आणखी टाकील. ज्या नीतीत प्रत्येक नियम पुरेशा मोठ्या किमतीला मोडता येतो, त्या नीतीच्या माणसाला काय करावयास लावायचे हे ओलीस धरणाऱ्याच्या हाती जाते. आणि इनोवे स्वतः कोण आहे? तोही तारतम्य पाहणाराच आहे. मूठभर शेतकऱ्यांना टांगून तो आपल्या देशाची एकी आणि शांतता राखतो आहे, असा त्याचा प्रामाणिक समज आहे. कैद्यांचा छळ करणारी आजची सरकारेही दुसरे काय सांगतात? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली नरसंहार, गुलामगिरी यांच्याबरोबर शारीरिक व मानसिक छळाचाही निषेध केला, आणि १९९३ च्या परिपत्रकाने तीच यादी पुन्हा समोर ठेवली. तेथे ‘पुरेसे सबळ कारण नसल्यास’ असे शब्द नाहीत. ते नाहीत याचा आधार खड्ड्यातल्या शेतकऱ्यालाच सर्वाधिक आहे.

परंतु इनोवेचे तराजू आपल्यापैकी किती जणांपुढे येणार? आपली पारडी लहान असतात. म्हणून थोडे घरातले बोलतो.

असत्याविषयी ख्रिस्ती परंपरा फार कठोर आहे. संत ऑगस्टिन यांनी या विषयावर दोन ग्रंथ लिहिले आणि कोणाचा जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये असा निर्वाळा दिला. व्हिक्तर ह्यूगो यांच्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये जन्मात कधी खोटे न बोललेली सिस्टर सेंप्लिस पोलीस अधिकाऱ्यापुढे एकामागून एक दोन असत्ये उच्चारते आणि ज्याँ व्हालज्याँ सुटतो, ते पान वाचताना ऑगस्टिन यांचा पक्ष घेणारा वाचक आम्ही अद्याप पाहिलेला नाही. ख्रिस्तसभाही येथे चाचपडली आहे. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याची दिशाभूल करणे म्हणजे असत्य, अशी व्याख्या होती. १९९७ च्या सुधारित आवृत्तीतून हक्काचा तो उल्लेख काढून टाकण्यात आला. पाच वर्षांत एक दार किलकिले झाले आणि पुन्हा लोटले गेले.

आमच्या मातोश्रींना पोटाचा कर्करोग झाला, त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. आम्ही भावंडे ओटीवर बसलो आणि तिला सांगायचे नाही असे ठरविले. अल्सर आहे, औषधाने बरा होईल, असे सांगितले. ती मुळात भित्री. उरलेले चार महिने तरी तिने सुखाने झोपावे, एवढाच विचार. अशा घरांत हेच केले जाते, आणि करणाऱ्यांवर दगड उचलणारे आम्ही नव्हे. तिच्या सख्ख्या भावाशी केळीच्या वाडीच्या बांधावरून तिचा अकरा वर्षे अबोला होता. उपवासकाळात एके दिवशी ती सहज म्हणाली, “बरी झाले की ईस्टरनंतर दादाकडे जाऊन येईन.” आम्ही ऐकले आणि गप्प राहिलो, कारण आता बोललो असतो तर आधीचे सारे उघडे पडले असते. ईस्टरला तीन आठवडे उरले असता ती गेली. मामा अंत्यविधीला आले आणि दफनभूमीच्या भिंतीशी उभे राहिले. त्यांनी एकच विचारले, “तिला ठाऊक होते?” आम्ही नाही म्हटले. “मला तरी सांगायचे होते,” एवढे बोलून ते गेले.

तारतम्यवादी म्हणेल की तुमचा हिशेब चुकला, पद्धत चुकली नाही. मामांनाही पारड्यात घालायला हवे होते. पण ओटीवर बसलो तेव्हा मामांना वजन आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. जर्मेन ग्रिसे आणि जॉन फिनिस यांनी तारतम्यवादावर जो आक्षेप घेतला तो थोडासा याच जातीचा आहे. भीती, झोप, समेट, सत्य यांना एकाच मापाने मोजता येत नाही, मग ‘जास्त’ आणि ‘कमी’ कशाच्या आधारे म्हणायचे? आम्ही पंडित नाही. आम्हांला एवढेच कळले की ‘खोटे बोलू नको’ ही आज्ञा आम्हांला जे माहीत नव्हते त्याची काळजी घेत होती.

पुढे आम्ही हे पापनिवेदनात सांगितले. धर्मगुरू फार भले होते. ते म्हणाले की तुमचा हेतू प्रेमाचा होता, त्या परिस्थितीत जे योग्य वाटले ते तुम्ही केलेत, याला पाप म्हणू नका. शब्द मायेचे होते, आणि ईशज्ञानाच्या दृष्टीने कदाचित अचूकही असतील. पण चर्चच्या पायऱ्या उतरताना आम्हांला रितेपणा जाणवला. आम्ही क्षमा मागावयास गेलो होतो आणि निर्दोष सुटून आलो होतो. निर्दोष सुटलेल्याला क्षमा मिळत नाही, मिळायची कशाची? तारतम्यवादाविषयी आमचा जो काही आक्षेप आहे तो सारा या एका अनुभवात आहे. तो कडक नाही म्हणून आम्हांला नको आहे असे नव्हे. नियम मोडणाऱ्याला तो फार लवकर घरी पाठवितो.

नागासाकीच्या ज्या ख्रिस्ती लोकांना हे सारे प्रत्यक्ष भोगावे लागले, त्यांनी काय केले, हे येथे सांगितलेच पाहिजे. धर्मगुरू मारले गेले किंवा हद्दपार झाले. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षे या शेतकरी व कोळी कुटुंबांनी गुप्तपणे श्रद्धा जपली. दरवर्षी नववर्षाच्या सुमारास अधिकारी फुमिए घेऊन घरोघर येत, आणि ही माणसे, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, तिच्यावर पाय ठेवीत. रॉड्रिग्जने एकदा केले ते त्यांनी पिढ्यानुपिढ्या केले. पण ते संपल्यावर घराची दारे लावून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरू उपलब्ध नसेल तर अंतःकरणापासून पश्चात्ताप कसा करावा हे शिकविणारी एक छोटी पुस्तिका १६०३ साली तयार झाली होती. पोर्तुगीज ‘कोंत्रिसाव’ या शब्दाचे त्यांनी ‘कोंचिरिसान’ केले आणि तो शब्द तोंडातोंडी टिकविला. सबळ कारण कोणाजवळ होते तर त्यांच्याजवळ होते. मुलाबाळांचे प्राण होते, साऱ्या गावाची श्रद्धा टिकविण्याचा प्रश्न होता. आम्ही केले ते त्या परिस्थितीत योग्यच होते, असे म्हणण्याचा हक्क जगात कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. ते पाय ठेवीत आणि घरी येऊन क्षमा मागत.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे भीत भीत आली. त्यांच्यापैकी एका स्त्रीने फादर बर्नार्ड पेतिज्याँ यांना हळूच सांगितले की आमचे हृदयही तुमच्यासारखेच आहे, आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. ते चर्च १५९७ च्या सव्वीस रक्तसाक्ष्यांना समर्पित होते. म्हणजे वसईच्या गोन्सालोलाही. पाय रोवून मेलेल्यांच्या घरी पाय ठेवून जगलेल्यांची लेकरे परत आली. लगेच १८६७ पासून पुन्हा छळ सुरू झाला, उराकामीच्या ३,००० हून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील ६०० हून अधिक जण मरण पावले. १८७३ साली बंदी उठली. सव्वादोनशे वर्षे दरवर्षी क्षमा मागणाऱ्यांच्या वंशजांना श्रद्धेसाठी मरता आले, याचे आम्हांला नवल वाटत नाही. आम्ही केले ते ठीकच होते असे समजणाऱ्यांच्या पोटी हे निपजले असते काय, अशी शंका मात्र येते.

या इतिहासाचा जाणकार असलेले एन्दो हे सारे विसरले होते असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. त्यांनी ते रॉड्रिग्जच्या नव्हे, किचिजिरोच्या वाट्याला दिले आहे. पहिल्या वाचनात या पात्राची किळस येते. तो घाबरतो, पाय ठेवतो, पकडून देतो, आणि प्रत्येक वेळी रडतभेकत मागोमाग येऊन माझे पापनिवेदन ऐका म्हणतो. आपण दुबळे जन्मलो, छळ नसलेल्या काळात जन्मलो असतो तर चांगला ख्रिस्ती म्हणून जगलो असतो, असे तो गाऱ्हाणे गातो. पण साऱ्या कादंबरीत एकदाही तो ‘मी केले ते बरोबर होते’ असे म्हणत नाही. कादंबरीच्या शेवटी श्रद्धाभ्रष्ट झालेल्या, जपानी नाव घेतलेल्या रॉड्रिग्जच्या दारात तो रात्री येतो आणि पुन्हा तेच मागतो. मी आता धर्मगुरू राहिलेलो नाही, असे म्हणत म्हणत रॉड्रिग्ज त्याचे पापनिवेदन ऐकून घेतो. आमच्या मते कादंबरीचा कळस फुमिएपाशी नाही, या दारात आहे. ज्याने ‘सबळ कारणासाठी’ पाय ठेवला त्याला पुन्हा धर्मगुरू करणारा मनुष्य कोण, तर ज्याच्याजवळ भित्रेपणाखेरीज दुसरे कसलेच कारण नव्हते तो.

चित्रपटाच्या शेवटी मृत रॉड्रिग्जच्या ओंजळीत एक लहानसा क्रूस दाखविला आहे. तो दिग्दर्शकाचा आहे, पुस्तकात नाही. पुस्तकात त्या जागी एका अधिकाऱ्याची रुक्ष रोजनिशी जोडलेली आहे. पहारे, खर्च, आजारपणे, झडत्या यांच्या नोंदी. बहुतेक वाचक ती पाने चाळून सोडून देतात. त्यांत किचिजिरोच्या झडतीची एक नोंद आहे. इतकी वर्षे झाली तरी तो रॉड्रिग्जच्याच घरी चाकरी करून आहे, आणि त्याच्या ताइताच्या पिशवीत ख्रिस्ती पवित्र चित्र सापडले आहे. तोवर तो किती वेळा फुमिएवरून चालून गेला होता, याचा आकडा अधिकाऱ्याने लिहिलेला नाही.